एक इलेक्ट्रॉन दोन्ही फटींतून जातो, म्हणजे नेमके काय घडते?

गिरगावकर (प्रश्न)

नमस्कार. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून फोर्टमध्ये लेखापरीक्षणाचे काम करतो. मुलगी यंदा बारावी विज्ञानाला आहे. तिच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातील प्रारण आणि द्रव्य यांच्या दुहेरी स्वरूपावरचे प्रकरण मी केवळ कुतूहलापोटी वाचायला घेतले आणि तेव्हापासून तो विषय डोक्यातून जात नाही. गणिताचे मला वावडे नाही, मात्र त्रिकोणमितीच्या पलीकडचे फारसे काही आता आठवत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिली अडचण दोन फटींच्या प्रयोगाची आहे. इलेक्ट्रॉन एकेक करून सोडले तरी पडद्यावर लाटांसारखे पट्टे उमटतात, असे पुस्तक म्हणते. पण एक इलेक्ट्रॉन एका वेळी एकाच फटीतून जाणार, मग दुसरी फट उघडी आहे की बंद, याची खबर त्याला लागते कशी? दुसरी अडचण अनिश्चिततेच्या तत्त्वाची. आपली उपकरणे ढोबळ असल्यामुळे कणाचे स्थान आणि वेग एकाच वेळी अचूक मोजता येत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ असेल तर त्यात नवल ते काय, आणि तसा नसेल तर मग कसा?

तिसरी गोष्ट थोडी वेगळी आहे. अलीकडे दादरला एका व्याख्यानाला गेलो होतो. पाहणाऱ्याच्या मनामुळेच वास्तव घडते हे क्वांटम विज्ञानाने सिद्ध केले आहे, असे वक्त्यांनी ठामपणे सांगितले. एकमेकांपासून दूर असलेले दोन कण क्षणार्धात परस्परांशी बोलतात आणि त्याच मार्गाने आपले विचारही दुसऱ्यापर्यंत पोहोचतात, असेही त्यांनी पुढे जोडले. टाळ्या भरपूर पडल्या, पण मला हा ताळेबंद जुळलेला वाटला नाही. जाणकारांनी उपमा कमी आणि प्रयोगात प्रत्यक्ष काय दिसते हे जास्त सांगावे, ही विनंती.

खडूफळा

गिरगावकर, आपल्या पहिल्या प्रश्नातच बाकीच्या बहुतेक प्रश्नांची किल्ली आहे, त्यामुळे मी त्यावरच सविस्तर लिहितो. कनिष्ठ महाविद्यालयात हे प्रकरण शिकवताना वेळेअभावी जे गाळावे लागते, नेमके तेच इथे सांगण्याजोगे आहे.

आधी प्रयोग पाहू. केंब्रिजमध्ये जी. आय. टेलर यांनी १९०९ मध्ये एका ज्योतीचा प्रकाश काजळी धरलेल्या काचांमधून गाळून इतका मंद केला की, सुईच्या छायेचे छायाचित्र उमटायला सर्वांत लांबच्या प्रयोगात सुमारे तीन महिने लागले. तरीही त्या छायेच्या कडेचे पट्टे तीव्र प्रकाशात दिसतात तेवढेच स्पष्ट होते. इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत प्रत्यक्ष फटी वापरून हा प्रयोग क्लाउस योन्सन यांनी १९६१ मध्ये जर्मनीत केला. इलेक्ट्रॉन खरोखर एकेक करून जात असताना चित्र कसे भरत जाते, हे हिताची कंपनीच्या प्रयोगशाळेत अकिरा तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवले. त्यांनी फटींऐवजी एक बारीक विद्युतभारित तार वापरून इलेक्ट्रॉनांना दोन मार्ग उपलब्ध करून दिले होते. पडद्यावर पहिले काही ठिपके कुठेही पडल्यासारखे दिसतात, काही हजार ठिपके जमले की पट्टे ओळखू येतात. प्रत्येक इलेक्ट्रॉन पडद्यावर एकच, अखंड ठिपका उमटवतो. अर्धा ठिपका कधीही आढळलेला नाही. म्हणजे 'इलेक्ट्रॉनचे दोन तुकडे होऊन ते दोन फटींतून जातात' हे स्पष्टीकरण पहिल्याच पायरीवर बाद होते.

आता पडद्यावरची एक विशिष्ट जागा निवडा. फक्त डावी फट उघडी ठेवली असता त्या जागी ठरावीक वेळात १०० इलेक्ट्रॉन येतात आणि फक्त उजवी उघडी ठेवली असता तितक्याच वेळात १०० येतात, असे धरू. दोन्ही उघड्या ठेवल्या तर २०० यावेत अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात पडद्यावर कुठे ४०० येतात, तर कुठे शून्य. शून्याची जागा अधिक विचार करायला लावणारी आहे, कारण तिथे दुसरा दरवाजा उघडल्यामुळे आधी येणारे इलेक्ट्रॉनही यायचे बंद झाले. इलेक्ट्रॉन या फटीतून किंवा त्या फटीतून जाणारा साधा कण असता, तर वाट वाढवल्याने आगमन घटणे शक्य नव्हते.

हे आकडे जुळवण्याची रीत अशी आहे. प्रत्येक मार्गासाठी एक संख्या लिहायची, तिला आयाम म्हणतात, आणि संभाव्यता म्हणजे त्या आयामाचा वर्ग. १०० चे वर्गमूळ १०, म्हणून आपल्या उदाहरणात दोन्ही मार्गांचे आयाम १० च्या मापाचे. मात्र आयामाला चिन्ह असते. बेरीज आधी आयामांची करायची आणि वर्ग नंतर करायचा. १० अधिक १० म्हणजे २०, त्याचा वर्ग ४००. १० उणे १० म्हणजे शून्य, त्याचा वर्गही शून्य. आपल्या व्यवसायात जमा आणि नावे या नोंदी खात्यात स्वतंत्र राहतात आणि शिल्लक तेवढी दिसते, तसाच काहीसा हा प्रकार आहे. पण ही उपमा मी इथेच सोडतो, कारण आयाम हा केवळ धन किंवा ऋण नसतो. कागदावर काढलेल्या बाणाप्रमाणे त्याला कोणतीही दिशा असू शकते आणि म्हणूनच या शास्त्रात संमिश्र संख्या लागतात. संपूर्ण पडद्यावर सरासरी काढली तर ती २०० च येते. एकही इलेक्ट्रॉन गहाळ झालेला नसतो, फक्त त्यांची वाटणी बदललेली असते.

आयामाचा वर्ग म्हणजे संभाव्यता, हा नियम मॅक्स बॉर्न यांनी १९२६ मध्ये मांडला. मूळ मजकुरात त्यांनी संभाव्यता आयामाच्या प्रमाणात असल्याचे म्हटले होते आणि वर्गाची दुरुस्ती मुद्रिते तपासताना तळटीपेत घातली. त्या कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९५४ मध्ये. एवढ्या महत्त्वाच्या तळटीपा विज्ञानाच्या इतिहासात फार नसाव्यात.

तेव्हा इलेक्ट्रॉनला खबर कशी लागते, या प्रश्नाचे उत्तर असे की, सिद्धांत इलेक्ट्रॉनला कोणता एक मार्ग नेमूनच देत नाही. 'तो दोन्ही फटींतून जातो' हे बोलण्याच्या सोयीसाठी केलेले विधान आहे. नेमकेपणाने एवढेच म्हणता येते की पडद्यावरच्या प्रत्येक जागेसाठी दोन आयाम आहेत आणि त्यांची बेरीज होते.

आता पाहण्याबद्दल. इलेक्ट्रॉन कोणत्या फटीतून गेला हे नोंदवणारे यंत्र फटींजवळ बसवले की पट्टे नाहीसे होतात आणि प्रत्येक जागी १०० अधिक १०० म्हणजे साधे २०० येतात. याचे कारण असे की, आता 'डावीकडून आला आणि यंत्रात डावी नोंद झाली' व 'उजवीकडून आला आणि उजवी नोंद झाली' या दोन वेगळ्या घटना झाल्या. शेवटची स्थिती वेगळी असेल तर आयामांची बेरीज होत नाही, संभाव्यतांची होते. ती नोंद कोणी वाचली की नाही, याने काहीही फरक पडत नाही. याचा सुंदर पुरावा व्हिएन्नामध्ये मिळाला. तिथे आन्टोन झायलिंगर यांच्या गटाने १९९९ मध्ये कार्बनच्या ६० अणूंच्या रेणूंचेही पट्टे दाखवले होते. पुढे २००४ मध्ये त्याच विद्यापीठात ७० अणूंचे रेणू लेसरने तापवून उपकरणात सोडण्यात आले. तापलेला रेणू वाटेत प्रकाश बाहेर टाकतो आणि तो रेणू कुठे होता याची माहिती त्या प्रकाशात असते. तापमान वाढवत नेले तसे पट्टे हळूहळू पुसट होत गेले. तो प्रकाश कोणीही पाहत नव्हते, तो उपकरणाच्या भिंतींत शोषला जात होता. इथे मन कुठून आणायचे, हे दादरच्या वक्त्यांना विचारायला हवे होते.

कलिना कॅम्पस

अनिश्चिततेबद्दल मी लिहितो. तो उपकरणांचा दोष नाही.

या गैरसमजाला काही अंशी हे तत्त्व मांडणारे हायझेनबर्ग स्वतःच कारणीभूत आहेत. १९२७ च्या लेखात त्यांनी एक काल्पनिक सूक्ष्मदर्शक वर्णिला: इलेक्ट्रॉन पाहायचा तर त्याच्यावर प्रकाश टाकावा लागतो आणि त्या प्रकाशाच्या धक्क्याने त्याचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) बदलतो. या वर्णनामुळे वाचकाची अशी समजूत होते की इलेक्ट्रॉनजवळ आधी दोन्ही गोष्टी निश्चित होत्या आणि आपण त्या बिघडवल्या. त्याच वर्षी अर्ल केनार्ड यांनी जी असमानता सिद्ध केली, तिच्यात धक्क्याचा संबंधच येत नाही. समजा, अगदी एकाच रीतीने तयार केलेले हजारो इलेक्ट्रॉन आपल्याकडे आहेत. त्यांतल्या निम्म्यांचे फक्त स्थान मोजा आणि उरलेल्या निम्म्यांचा फक्त संवेग मोजा. कोणत्याही इलेक्ट्रॉनवर दोनदा मोजमाप होत नसल्यामुळे एका मोजमापाने दुसरे बिघडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तरीही स्थानांच्या आकड्यांचा विखुरलेपणा आणि संवेगांच्या आकड्यांचा विखुरलेपणा यांचा गुणाकार प्लांकच्या स्थिरांकाला (क्वांटम विज्ञानातल्या एका ठरावीक, अत्यंत लहान संख्येला) ४π ने भागून येणाऱ्या संख्येपेक्षा कमी येत नाही. उपकरणे कितीही अचूक केली तरी येत नाही.

ही संख्या किती लहान आहे, याचा अंदाज दोन उदाहरणांतून घेता येईल. शिवाजी पार्कवरचा १६० ग्रॅमचा चेंडू घ्या आणि त्याचे स्थान मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत ठरवा. त्याच्या वेगातली किमान अनिश्चितता इतकी नगण्य येते की, विश्वाच्या वयाएवढी, म्हणजे सुमारे १३८० कोटी वर्षे वाट पाहिली तरी तिच्यामुळे चेंडूच्या जागेत पडणारा फरक एका अणूच्या रुंदीएवढाच असेल. आता इलेक्ट्रॉन घ्या आणि त्याला अणूच्या आकाराएवढ्या, म्हणजे मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाएवढ्या जागेत ठेवा. त्याच्या वेगातली अनिश्चितता सेकंदाला सुमारे ५८० किलोमीटर येते. नियम दोन्हीकडे तोच आहे, पण इलेक्ट्रॉनचे वस्तुमान इतके थोडे आहे की तिथे तोच नियम सर्व काही ठरवतो.

लॅमिंग्टन रोडवाला

वरच्या चर्चेत प्लांकचा स्थिरांक आला आहे, तो घरच्या घरी मोजता येतो, म्हणून मध्येच लिहितो. मुलगी बारावीला आहे, तर तिच्याकडून हा प्रयोग जरूर करून घ्या. साहित्याचा खर्च एका जेवणापेक्षाही कमी आहे आणि सगळे लॅमिंग्टन रोडवर एकाच दुकानात मिळते.

बर्लिनमध्ये १४ डिसेंबर १९०० रोजी प्लांक यांनी सांगितले की तापलेल्या वस्तूच्या प्रकाशाचे गणित जुळवायचे असेल, तर ऊर्जेची देवाणघेवाण सुट्या पुंजांनी होते असे धरावे लागते. पुंजाची ऊर्जा म्हणजे वारंवारता गुणिले एक स्थिरांक. आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये पुढे जाऊन प्रकाशच अशा पुंजांचा असल्यासारखा वागतो असे म्हटले. एलईडीत याच्या उलट्या दिशेने काम होते. एक इलेक्ट्रॉन एलईडीतल्या दोन थरांच्या जोडावरून जाताना आपली ऊर्जा देतो आणि तिचा एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक पुंज होतो. निळ्या फोटॉनला तांबड्यापेक्षा जास्त ऊर्जा लागते, म्हणून निळा एलईडी पेटायला जास्त व्होल्टेज लागते.

तांबडा, पिवळा आणि निळा असे पारदर्शक आवरणाचे एलईडी घ्या. पांढरा घेऊ नका, कारण तो मुळात निळाच असतो आणि त्यावर पिवळा प्रकाश देणारा थर असतो. ९ व्होल्टची बॅटरी, १० किलोओहमचा पॉट (व्होल्टेज कमीजास्त करणारे फिरते बटण), एलईडीच्या ओळीत १ किलोओहमचा रेझिस्टर आणि साधा मल्टिमीटर एवढे पुरे. खोलीत अंधार करून पॉट हळूहळू फिरवा आणि एलईडी जेमतेम उजळू लागेल तेव्हा त्याच्या दोन टोकांमधले व्होल्टेज टिपून ठेवा. तांबड्याची तरंगलांबी ६३० नॅनोमीटर आणि निळ्याची ४७० नॅनोमीटर धरली, तर सिद्धांतानुसार दोन्ही व्होल्टेजांत सुमारे ०.६७ चा फरक यायला हवा. थोडे कमीजास्त येईल, कारण 'जेमतेम उजळला' हे डोळ्याने ठरवायचे आहे आणि प्रत्येक रंगाच्या एलईडीचे द्रव्य वेगळे असते. हिरवा मुद्दाम वगळला आहे. बाजारात हिरव्याच्या दोन जाती मिळतात आणि जुन्या पोपटी जातीने नवशिक्याचा गोंधळ उडतो. मिळालेला फरक वारंवारतांमधल्या फरकाने भागून इलेक्ट्रॉनच्या विद्युतभाराने गुणला की प्लांकचा स्थिरांक हाती येतो. मे २०१९ पासून जगातला किलोग्रॅम याच स्थिरांकावरून ठरवला जातो, हे तिला प्रयोगवहीत लिहिता येईल.

मुलुंडची वाचक

खडूफळा सरांचे विवेचन आवडले, पण दादरच्या वक्त्यांना त्यांनी जरा स्वस्तात निकालात काढले असे मला वाटते. मी तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनी आहे. मनाचा मुद्दा केवळ व्याख्यानबाजांनी उकरून काढलेला नाही. गणितज्ञ फॉन नॉयमन यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात दाखवले की मोजणारे यंत्रही याच नियमांनी चालते असे धरले, तर यंत्रही 'डावी नोंद अधिक उजवी नोंद' अशा संमिश्र स्थितीत जाते, यंत्र पाहणारा डोळाही जातो, आणि ही साखळी कुठे तोडायची हे गणित सांगत नाही. पुढे नोबेलविजेते यूजीन विग्नर यांनी १९६१ मध्ये ती साखळी जाणिवेपाशी तुटते असे गंभीरपणे सुचवले. नंतर त्यांनी हे मत सोडून दिले, ही गोष्ट मात्र व्याख्यानांत कधी सांगितली जात नाही.

श्रोडिंगर यांच्या मांजराचेही, म्हणजे एका अणूच्या विघटनावर ज्याचे जगणे-मरणे अवलंबून ठेवले आहे अशा काल्पनिक मांजराचेही, तसेच झाले आहे. मांजर एकाच वेळी जिवंत आणि मृत असते असे सांगण्यासाठी त्यांनी १९३५ मध्ये ते उदाहरण दिले, असा सर्वत्र समज आहे. त्यांचा हेतू उलट होता. अणूच्या पातळीवरची ही संदिग्धता मांजरापर्यंत ताणली की निष्कर्ष हास्यास्पद होतो आणि प्रचलित मांडणीत काहीतरी अपुरे आहे, हे त्यांना दाखवायचे होते. आपल्याकडे श्रोडिंगर यांचे नाव वेदान्ताच्या संदर्भात अभिमानाने घेतले जाते. वेदान्ताविषयी त्यांना खरी आस्था होती यात शंका नाही, पण त्यांचे १९२६ चे समीकरण द ब्रॉय्ली यांची द्रव्यतरंगांची कल्पना आणि प्रकाशिकी व यामिकी यांच्यातले जुने साम्य यांवर उभे आहे, उपनिषदांवर नाही.

खडूफळा सरांनी सांगितलेल्या २००४ च्या प्रयोगातून पट्टे का जातात ते कळते. पण पट्टे गेल्यानंतर दोन शक्यतांपैकी एकच प्रत्यक्षात का उतरते, हा प्रश्न तिथे उरतोच. डेव्हिड बोम यांनी १९५२ मध्ये त्याचे एक उत्तर दिले: कणाला नेहमी निश्चित स्थान असते आणि लाट त्याला वाट दाखवते. ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये दुसरे दिले: दोन्ही शक्यता घडतात, आपण त्यांपैकी एका शाखेत असतो. यांपैकी कोणते खरे, यावर एकमत नाही. 'प्रश्नच उरलेला नाही' असा नवशिक्या वाचकाचा ग्रह होऊ देणे मला योग्य वाटत नाही.

खडूफळा

प्रश्न उरलेला आहे, याबद्दल आपला वाद नाही. माझे म्हणणे क्रमाबद्दल आहे. आपण सांगितलेल्या दोन्ही मांडण्या आणि पाठ्यपुस्तकातली मांडणी या तिन्हींतून पडद्यावरचे ० आणि ४०० हे आकडे तेच येतात. ज्याने ते आकडे स्वतः काढून पाहिले नाहीत, त्याच्यापुढे समांतर विश्वे ठेवली तर तो विश्वेच घेऊन बसतो आणि शून्य का आले हे कधीच विचारत नाही. वर्गात दरवर्षी माझ्यापुढे हेच होते. गिरगावकरांना समोरासमोर प्रश्न विचारायचे असतील, तर टीआयएफआरमधले (टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले) शास्त्रज्ञ सर्वसामान्यांसाठी 'चाय अँड व्हाय?' हा खुला कार्यक्रम मुंबईतच करतात. तिथे हे प्रश्न विचारायला संकोच वाटणार नाही.

गिरगावकर

सर्वांचे मनापासून आभार. ० आणि ४०० चे उदाहरण मी मुलीला समजावून सांगितले आणि लॅमिंग्टन रोडवरून सामानही आणले आहे. दोन शंका उरल्या आहेत. दूरचे कण एकमेकांशी क्षणार्धात बोलतात, या विधानाला कोणी हात लावला नाही. दुसरी शंका मुलीची आहे. अणुकेंद्राभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावून केंद्रात का पडत नाही, याचे बोर यांनी दिलेले कारण तिला कारण वाटत नाही, हुकूम वाटतो.

कलिना कॅम्पस

कणांच्या बोलण्याबद्दल एक खेळ सांगतो, त्यातून मुद्दा लवकर स्पष्ट होईल. एक खेळाडू चर्चगेटला आणि दुसरा विरारला बसला आहे. पंच प्रत्येकाला स्वतंत्रपणे ० किंवा १ हा प्रश्न पाठवतो आणि प्रत्येकाने 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर द्यायचे आहे. दोघांनाही १ आला असेल तर त्यांची उत्तरे वेगळी हवीत, अन्यथा सारखी हवीत. खेळापूर्वी हवी तेवढी खलबते करण्याची मुभा आहे, खेळ सुरू झाल्यावर संपर्क नाही. उत्तरे आधी ठरवून ठेवली तर काय होते, ते कागदावर करून पाहा. चर्चगेटचे ० वरचे उत्तर विरारच्या दोन्ही उत्तरांशी जुळले पाहिजे आणि चर्चगेटचे १ वरचे उत्तर विरारच्या ० वरच्या उत्तराशी जुळले पाहिजे. या तीन अटी पाळल्या की चारही उत्तरे एकच होतात आणि 'दोघांना १' ही चौथी अट मोडते. म्हणून चारपैकी तीन, म्हणजे ७५ टक्के, ही मर्यादा कोणत्याही युक्तीने ओलांडता येत नाही.

त्या दोघांजवळ एन्टँगल्ड, म्हणजे दोघांची मिळून एकच सामाईक स्थिती असलेल्या, कणांच्या जोडीतला एकेक कण असेल आणि आलेल्या प्रश्नानुसार त्यांनी आपापल्या कणाचे मोजमाप वेगवेगळ्या कोनांत केले, तर ते सुमारे ८५ टक्के वेळा जिंकतात. जॉन बेल यांनी १९६४ मध्ये जे सिद्ध केले, त्याचा हा अलीकडचा, सोपा अवतार आहे. कणांनी उत्तरे आधीच खिशात ठेवलेली असती आणि प्रत्येकाचे वागणे त्याच्या जागेपुरते मर्यादित असते, तर ७५ च्या वर जाणे अशक्य होते. जॉन क्लाउझर यांनी स्टुअर्ट फ्रीडमन यांच्यासह १९७२ मध्ये आणि आलँ आस्पे यांनी १९८२ मध्ये केलेल्या प्रयोगांत बेल यांची मर्यादा ओलांडली गेली. २०१५ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे सुमारे १.३ किलोमीटर अंतरावर, आधीच्या प्रयोगांतल्या प्रमुख पळवाटा एकत्र बंद करूनही तेच आढळले. क्लाउझर, आस्पे आणि झायलिंगर यांना याच कामासाठी २०२२ चे नोबेल मिळाले.

मात्र यातून निरोप जात नाही. विरारच्या खेळाडूला आपल्या कणाची उत्तरे पाहिली तर ती निम्मी 'होय' आणि निम्मी 'नाही' दिसतात. चर्चगेटला कोणता प्रश्न आला, तिथे मोजमाप झाले की नाही, याचा त्या प्रमाणावर कणभरही परिणाम होत नाही. दोन्हीकडच्या वह्या शेजारी ठेवल्यावरच मेळ दिसतो आणि वह्या नेण्यासाठी फोन किंवा लोकल लागतेच. विचार पोहोचवण्याचा मार्ग यात नाही. जो मेळ दिसतो तो मात्र कोणत्याही पूर्वसंकेताने समजावता येत नाही, आणि व्याख्यानात सांगायला तेवढे आश्चर्य पुरेसे होते.

खडूफळा

मुलीची शंका रास्त आहे. बोर यांनी १९१३ मध्ये खरोखरच फर्मान काढले होते: ठरावीक कक्षांत इलेक्ट्रॉन प्रारण करणार नाही. जुन्या नियमांनुसार तो सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही आत केंद्रात कोसळायला हवा होता. खरे कारण कलिना कॅम्पस यांनी वर सांगितलेल्या असमानतेत आहे. इलेक्ट्रॉन केंद्राजवळ आला की विद्युत आकर्षणामुळे त्याची ऊर्जा कमी होते, पण तो जितक्या लहान जागेत कोंबला जाईल तितका त्याच्या संवेगाचा विखुरलेपणा वाढतो आणि गतिज ऊर्जा वाढते. अंतर निम्मे केले तर आकर्षणाचा फायदा दुप्पट होतो, गतिज ऊर्जेचा तोटा मात्र चौपट होतो. म्हणून एका विशिष्ट आकारापाशी एकूण ऊर्जा किमान होते. हायड्रोजनसाठी तो आकार सुमारे ०.०५३ नॅनोमीटर येतो आणि इलेक्ट्रॉन बाहेर काढण्यासाठी लागणारी ऊर्जा १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट येते. प्रयोगात हीच ऊर्जा मिळते. त्याहून कमी ऊर्जेची स्थिती नसल्यामुळे इलेक्ट्रॉनला पडायला जागाच उरत नाही.

तिला आणखी एक सांगा. बोर यांच्या सर्वांत आतल्या कक्षेत इलेक्ट्रॉन गोल फिरतो आणि त्याला कोनीय संवेग असतो. प्रत्यक्षात हायड्रोजनच्या किमान ऊर्जेच्या स्थितीत कक्षेमुळे येणारा कोनीय संवेग शून्य असतो, म्हणजे तो फिरतच नाही. ऊर्जेचे आकडे बरोबर आणि चित्र चुकीचे, अशी ती मांडणी आहे. परीक्षेत मात्र तिने बोर यांची गृहीतकेच लिहावीत, कारण गुण त्यांनाच ठेवलेले असतात.